तारामतीनं पुसलेला मोगरा

आमची मोरी आणि त्यांची मोरी यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. पलीकडं तांब्या पडला की अलीकडचं माणूस उचलायला वाकायचं. त्या दिवशी मी दूध करपलेलं पातेलं घासत बसले होते. पलीकडून भामाबाईंचा आवाज चढला तसा माझा हात हळू झाला. अगदी थांबवला नाही. थांबवला असता तर त्यांना कळलं असतं, ऐकतेय म्हणून.

"ह्यो डाग चहाचा हाय म्हणतीस?"

"असंल, आत्याबाई." हा तारामतीचा आवाज. भामाबाईंची सून.

"चहा असा ओळीनं सांडतो व्हय? ही एक कळी, ही दुसरी, ही तिसरी. मोगरा हाय ह्यो! माझ्या घरात, विधवा पोरीच्या फितीवर मोगरा!"

"वन्संची न्हाई ती फीत. माझी हाय."

"तुझी लाल असती."

"आज निळी बांधली होती."

"तू? निळी? लग्नात निळं लुगडं आलं तर दोन दिस रुसून बसलीस तू!"

ह्यावर पलीकडं नुसती बादली सरकल्याचा आवाज आला, कारण ते खरं होतं.

वन्सं म्हणजे त्रिवेणी, भामाबाईंची धाकटी लेक. लग्नानंतरचा पहिला दिवाळसणही धड झाला नव्हता, तर नवरा तापानं गेला. तो रेल्वेत होता. त्याच्या जागेवर तिला सिकंदराबादच्या कचेरीत नोकरी मिळाली, आणि ती काचीगुड्याला भावाच्या घरी राहायला आली. भाऊ म्हणजे हिम्मतराव, तारामतीचा नवरा. त्रिवेणी सकाळी गाडीत बसली की पिशवीतून गजरा काढून वेणीला बांधायची. संध्याकाळी उतरायच्या आधी खिडकीतून सोडून द्यायची. गाडीतल्या बायकांना ठाऊक, घरात फक्त तारामतीला ठाऊक.

पण मोगऱ्याचं एक आहे. ताजा असताना कापडावर काही दिसत नाही. फीत मळली म्हणून भामाबाईंनी ती कढत पाण्यात सोडा घालून उकळली आणि वर इस्त्रीला दिली. तिथं कळ्या उमटल्या, तांबूस, एकीला एक लागून. फूल मुकं असतं हो. इस्त्री त्याला बोलकं करते.

"येऊ दे हिम्मतला संध्याकाळी," भामाबाई म्हणाल्या. "त्याच्या डोळ्यापुढं धरते. उद्यापास्नं नोकरी बंद, आन् पोरीला मी भालकीला नेऊन सोडते, चुलत्याच्या घरी." आणि फीत देवाच्या कोनाड्यात ठेवून त्या जेवायला बसल्या. रागात त्यांना भूक फार लागायची.

दुपारी मी चिंच वाळत घालायला गच्चीवर गेले. चैत्रातलं ऊन, पाय टेकला तर परत मागून घ्यावा लागावा असं. तिथं तारामती बसलेली, डोक्यावर पदर, पुढ्यात वाटी, आणि तापलेल्या फरशीवर, सासू झोपल्यावर कोनाड्यातून उचललेली ती निळी फीत लांब पसरलेली.

"शोभे, लिंबू हाय का गं तुझ्याकडं? वाळकं असलं तरी चालंल."

मी लिंबू आणलं. मग मीठ आणलं. मग आंबट ताक आणलं, कारण तिलाही माहीत नव्हतं कशानं जाईल. ती बोटाच्या टोकानं फितीला लिंबू लावी, ऊन ते पिऊन टाकी, ती पुन्हा लावी. घासत नव्हती. मी म्हटलं, घास की जोरात. ती म्हणाली, "झोपलेल्या लेकराचं तोंड पुसतो तसं पुसायचं. जागं झालं तर रडंल."

आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसलो. खाली सगळं घर झोपलेलं. स्टेशनातून गाडीची सूचना यायची, तीही गरम हवेत वितळून गेल्यासारखी, कुठली गाडी ते कळायचं नाही. आणि त्या कळ्या एकेक करून विरत गेल्या. पहाटेचे तारे जातात ना, तशा. बघत बसावं तर जागच्या हलत नाहीत. मान वळवून चिंचेकडं बघितलं, परत बघितलं, तर एक गेलेली.

संध्याकाळी मी तेच पातेलं परत घासायला घेतलं. ते पातेलं पुढं कधीच इतकं लख्ख झालं नाही.

"बघ, बघ तुझ्या बहिणीचे प्रताप!" भामाबाई म्हणाल्या.

"काय बघू, आई?" हिम्मतराव.

"हितं. ह्या फितीवर."

"कोरी हाय की."

"हितं व्हता! ओळीनं व्हता!"

"आई, चष्मा बदलायला घालू का तुझा?"

एक कळी काही केल्या गेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तारामतीनं तिथं फितीला गाठ मारून ठेवली होती. ती गाठ सोडून बघावी असं भामाबाईंना सुचलं नाही, आणि त्रिवेणी दुसऱ्या दिवशी नोकरीवर गेली.

तारामती मोठ्या हाडाची होती, शेतकऱ्याची लेक. तिची शाळा माझ्याइतकीच, पाटी फुटेपर्यंत. तिचे हात बघून वाटायचं, ह्यांनी कासरा धरावा. पण हातात फीत आली की ते हात वेगळ्याच कुणाचे तरी व्हायचे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्रिवेणी घरात शिरली की वेणीची फीत सोडून तारामतीच्या ओटीत टाकायची. बोलणं काही नाही. तारामती ती लगेच थंड पाण्यात बुडवायची. कढत पाणी नाही, सोडा नाही, इस्त्री तर नाहीच. सकाळी फीत दोरीवर, कोरी. भामाबाई रोज ती हातात धरून उजेडाकडं करायच्या आणि काही न बोलता परत टांगायच्या. बारीक नजरेची बाई, पण नजरेला काही मिळालं तर ना.

भामाबाई गेल्या आणि त्या सालापासून त्रिवेणी घरातूनच फुलं माळून निघायला लागली. कुणी काही म्हणालं नाही. तारामतीनं मात्र फिती धुणं सोडलं नाही. हाताला वळण लागलं होतं, आणि आता गल्लीला तिचं वेड लागलं.

कारण ह्या गावात फुलं फार. तेलुगू घरातली पोर परकर नेसली की डोक्यावर फूल पाहिजे, आणि त्यांच्या संगतीनं आमच्या पोरींनाही पाहिजे. लग्नात वेणीवर जडा बांधतात. म्हणजे मखमलीची लांब पट्टी, तिच्यावर फुलं टाचलेली, मानेपासून कमरेपर्यंत. बतुकम्माचा फुलांचा सण झाला की पिवळ्या तंगेडूच्या आणि रंगवलेल्या गुनुगूच्या फुलांनी डागाळलेल्या फिती, कापडी फुलं, बो, आणि ते रबरावर चुण्यांचं कापड चढवलेलं चक्र, ज्याला पोरी स्क्रंची म्हणतात, असला सगळा पसारा तारामतीच्या दारात. लोक साड्या धुवायला टाकायला दुकानं शोधतात, पण केसातल्या ह्या बारक्या वस्तूंना कोण विचारतं? डाग पडला की फेकतात. तारामतीला फेकणं बघवायचं नाही.

एखादी पोर यायची रडवेली.

"आजी, हे बघ ना. लिलीचं पिवळं लागलं, मी ओल्या हातानं पुसलं तर अजून पसरलं."

"कामून पुसलंस? तुला कुणी सांगितलं?"

"फोनमध्ये होतं."

"मग फोनलाच द्यायचं वाळवायला."

असं म्हणायची आणि हात पुढं करायची. लिलीच्या त्या पिवळ्या पुडीला पाणी दाखवायचं नसतं. वस्तू उलटी धरून झटकायची, उरलं ते चिकटपट्टीनं हलकेच उचलायचं. झेंडूचं पिवळं साबणाला दाद देत नाही, त्याला ऊन खातं. मखमल मागच्या बाजूनं रिठ्याच्या पाण्यानं टिपायची, रबर पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. आणि हिरवा रंग दिलेल्या गजऱ्याचा डाग आला की तारामती तोंड वाकडं करायची. "हे फूल न्हाई शोभे, लबाडी हाय." पण लबाडीही काढायची, मिठाच्या गार पाण्यात, चार-चारदा बुडवून.

आणि मग दुपारी गच्चीवर दोरीला ह्या सगळ्या टांगलेल्या असायच्या. वारा नसला तर झोपलेल्या, वारा आला तर एकदम उठलेल्या. मी कधी कधी नुसती बघायला वर जायचे. एवढ्या पोरींच्या एवढ्या वेण्या, डोकी कुठंच नाहीत, नुसत्या फिती हलतायत. वाटायचं, ह्या पोरी सगळ्या अदृश्य होऊन इथं गच्चीवर खेळतायत. तारामती कपडा नाकाशी धरून डोळे मिटायची. "ही लग्नाला गेली होती. हिला घाम फार येतो. आन् ही बघ, हिनं रातभर फुलं काढलीच न्हाईत, तशीच निजली." कुणाची वस्तू हे विसरायची, पण वासावरनं पोर ओळखायची.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, हिम्मतराव गेले. शिलाई मशिनी दुरुस्त करायचे, दुकानातून येऊन चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. माणसं जमायच्या आधीच तारामतीनं अंबाड्यातली फुलं काढून तुळशीच्या कुंडीत ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्या बाया कधीच्या वर गेल्या होत्या. मुलगा कुलदीप कुकटपल्लीहून आला, तो म्हणाला, "आई, हे कायकू? आता कोण बघतं हे सगळं?" तिनं मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही.

दिवसकार्य झालं. तारामती कोपऱ्यावरच्या अंबाजीच्या गाडीवरून एक मूर फुलं घेऊन आली. आमच्याकडं फुलं मुरानं मिळतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मूर. ती तिनं त्रिवेणीपुढं ठेवली.

"आन् तुझी?" त्रिवेणीनं विचारलं.

"माझं झालं आता, वन्सं."

"मग माझंबी झालं."

"तुमचा काय संबंध?"

"तोच संबंध. माझा नवरा गेला तवा माझं झालं न्हाई म्हणालीस. आता तुझा गेला तर तुझं कसं झालं?"

"तुमचं वय होतं तवा."

"फुलं वयाला लागतात का वहिनी? केसांना लागतात. तुझे माझ्यापेक्षा जास्त हैत अजून."

भांडतानाही तारामती तिला अहो-जाहो करायची. नणंद ती नणंद, मग ती धाकटी का असेना. पण ऐकत कुणीच नव्हतं. त्रिवेणीनं त्या दिवसापासून फूल माळलं नाही. बाईनं आईच्या धाकात, नोकरीत, म्हातारपणात एक दिवस फुलाविना काढला नव्हता, आणि आता मोकळी वेणी पाठीवर टाकून बसायची, तोंड फुगवून. पेन्शनवाली बाई, दिवसभर दुसरं काम नाही. रुसायला वेळच वेळ.

तारामतीला हे फार लागलं. स्वतःचं गेलं त्याचं नाही. ती मला म्हणाली, "शोभे, सगळा जन्म मी तिची फुलं सांभाळली. आता तिनं माझ्यापायी सोडली तर मी काय सांभाळलं?" म्हटलं, मग माळ तूही. तर म्हणाली, "हात जात न्हाई गं. लोक बघतील. म्हणतील, हिम्मतराव गेले आन् हिला बघा." सबंध गल्लीचे डाग काढणारी बाई, आणि स्वतःवर कुणी बोट ठेवील म्हणून भ्यायची.

रोज ती त्रिवेणीसाठी एक मूर आणायची. रोज त्रिवेणी ती देवापुढं ठेवायची. त्यांचे देव त्या वर्षी फुलांत बुडाले. बाळकृष्ण तर दिसेनासाच झाला, नुसती बासरी वर आलेली. असं करत दिवाळी गेली, संक्रांत गेली, थंडी गेली. आणि पुन्हा मोगरा आला.

मोगरा आला तशी त्रिवेणीनं युक्ती केली.

गल्लीतल्या अपर्णाची लेक रेणू नाच शिकते. तिच्या कार्यक्रमाची जडा तारामतीकडं आली होती, लाल मखमलीची, तिच्यावर मागच्या खेपेच्या फुलांचे पिवळट ठसे. तारामतीनं ते ठसे काढून, जडा वाळवून, कागदात गुंडाळून ठेवली, संध्याकाळी पोचवायची म्हणून, आणि जरा आडवी झाली. तिला दुपारची झोप गाढ लागायची, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखी. त्रिवेणी उठली, गुपचूप आणवून ठेवलेला मोगऱ्याचा दीड मूर गजरा घेतला, आणि झोपलेल्या वहिनीच्या अंबाड्याला, ती हल्ली बांधायची त्या राखाडी कापडी पट्टीवरून, गोल गुंडाळून टाकला. मग शहाण्यासारखी आपल्या खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

उन्हं कलली तशी तारामती धडपडून उठली. "अगं बाई, पोर वाट बघत असंल." तोंडावर पाण्याचा हबका मारला, जडा उचलली आणि निघाली. आरसा बघायची सवय तिनं केव्हाच सोडली होती. जिन्याखाली मी भेटले. मला दूध आणायचं होतं, मी तिच्याबरोबर निघाले.

जिन्यातच वास आला. मी वर बघितलं, आणि माझी पावलं हलेनात. पांढरी फुलं, पांढरा अंबाडा, कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नव्हतं.

"काय गं, कामून थांबलीस?"

"काही नाही. चप्पल."

बोलायला हवं होतं का? असेल. पण झोपेत चालणाऱ्याला हाक मारू नये म्हणतात.

चार पावलं गेलो आणि तीच थांबली. कागद उघडला, जडा नाकाशी धरली.

"शोभे, वास राहिला की गं ह्यात."

"मोगऱ्याचा?"

"मोगऱ्याचाच. डाग गेला, आन् वास तसाच. आता काय तोंड दाखवू त्या पोरीला? काम अर्धंच झालं म्हण की."

"छान वास आहे, राहू दे."

"राहू दे कसं? जुन्या फुलाचा वास नव्या फुलाखाली? शिळ्या भातावर ताजी फोडणी टाकल्यागत व्हतं ते."

पुन्हा चाललो. ती दर थोड्या वेळानं जडा हुंगे आणि कपाळाला आठ्या घाली. वास तिच्या मागं मागं चालत होता, मांजरासारखा. त्या वेळची गल्ली मला अजून दिसते. उन्हाची धार गेलेली, धूळ पिवळी झालेली, कुणाच्या तरी खिडकीत कुकर थकून श्वास सोडतोय. दारात बसलेल्या बायका हातातलं काम न थांबवता मान वर करायच्या, मग खाली घालायच्या, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललेलं असायचं, हसू म्हणावं इतकंही नाही. दोन स्कूटरवाले हॉर्न न वाजवता बाजूनं गेले, हे तर काचीगुड्यात आक्रीतच. मला वाटलं, आम्ही दोघी जमिनीच्या जरा वरून चाललोय. बबलू इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, त्यानं हात कपाळाला लावला. "सलाम अम्मा." तिनं नेहमीसारखं बोट दाखवून बजावलं, "माझ्या कुठल्या फितीला गरम लावशील तर बघ!"

कोपऱ्यावर अंबाजीची फुलांची गाडी. ओल्या गोणपाटाखाली गजऱ्यांची वेटोळी. तारामती रोजच्या सवयीनं म्हणाली, "एक मूर दे रे."

अंबाजीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत तिच्याकडं.

"और कायकू अम्मा? सर पे तो है ना, डेढ मूर!"

तारामतीचा हात मागं गेला. हळूच गेला, कुणाच्या तरी दुसऱ्याच डोक्याला लावावा तसा. बोटं फुलांवर टेकली आणि तिथंच राहिली.

"कधीपास्नं?" तिनं मला विचारलं.

"जिन्यापासून."

"म्हंजे अख्ख्या गल्लीनं बघितलं."

"बघितलं."

"कुणी काय म्हणालं?"

"बबलूनं सलाम केला."

"त्यो रोज करतो."

"मग रोजच्यासारखंच बघितलं असेल."

एक बस वळली, तिच्या धुरातही मोगरा येत होता. मला वाटलं, आता ओढून काढते आणि अंबाजीच्या गाडीवर टाकते. पण तिनं जडा उचलून पुन्हा हुंगली, ह्या खेपेला वाऱ्याकडं तोंड करून, गजरा मागं ठेवून, नीट.

"जडेला वास न्हाई गं," ती म्हणाली. "जडा साफ हाय." आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला हसू आवरेना.

पोर खोळंबली होती, म्हणून आधी तिकडं गेलो. रेणू दारातच पायांना आळता लावून बसलेली. तिनं वर बघितलं आणि ओरडली, "आजी, सूपर उन्नाव!" म्हणजे तेलुगूत, झकास दिसतेस. अपर्णानं जडा घेतली, उजेडात धरली, आणि तारामतीच्या अंबाड्याकडं बघून नुसतं म्हणाली, "काकू, हे मागून जरा सुटलंय, लावून देऊ?" आणि आपल्या केसातली पिन काढून लावून दिली. बस, एवढंच. ज्या लोकांना ती इतके महिने भीत होती, ते हे होते. एक पिन कमी पडली तर देणारे.

घरी आल्यावर मात्र तोंड सुटलं. त्रिवेणी अजून भिंतीकडं तोंड करूनच पडलेली. इतका वेळ कुणी झोपतं का?

"उठा वन्सं, सोंग पुरे. सगळा जन्म मी तुमचे डाग काढले, आन् तुम्ही मला लावला?"

"लावला," त्रिवेणी उठून बसली. "तुला काढायला येतो की."

"आन् मी काढला तर?"

"काढ. मी रोज लावीन. तू रोज काढ. तुला तेवढंच काम, मला तेवढंच काम."

"लोक हसतील, दोन म्हाताऱ्या येड्या झाल्या म्हणून."

"हसले का आज?"

तारामती खाली बसली, गजरा सोडला, तुळशीत नाही ठेवला, भिंतीच्या खिळ्याला टांगला. मग ती राखाडी पट्टी डोक्यावरून काढली आणि दिव्याखाली धरली. कोरी दिसत होती. तिला काय, ताजा मोगरा दिसत नाही हे माहीतच होतं. उठून गार पाण्यात बुडवली, लिंबाचे दोन थेंब टाकले, आणि पाण्यात हात तसाच ठेवून म्हणाली, "एवढंसं तर असतं, वन्सं. निघतं. निघतंय म्हटल्यावर भ्यायचं कशाला मी?"

दुसऱ्या दिवशी ती अंबाजीकडून दोन मूर घेऊन आली. एक त्रिवेणीला बांधली, एक स्वतःला. तिचा हात पहिल्यांदा चुकला, गजरा एका कानावर आला. त्रिवेणीनं तो सरळ केला नाही. म्हणाली, "असंच राहू दे, रंगेल दिसतीस." त्यावरून पुन्हा भांडण. देवांना त्या दिवसापासून जरा मोकळा श्वास मिळाला.

त्या उन्हाळ्यापासून गच्चीवरच्या दोरीला पोरींच्या फितींशेजारी दोन राखाडी पट्ट्या असायच्या, जोडीनं. कुलदीप म्हणाला, "आई, कुकटपल्लीला चल, लिफ्ट आहे, मोठी बाल्कनी आहे." तिनं विचारलं, "ऊन कुठल्या बाजूनं येतं?" तो म्हणाला, "येत नाही, समोर टॉवर आहे." विषय संपला.

माघात तारामती गेली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. त्रिवेणीनं चहा करून हाक मारली, मग मला मारली.

त्या दिवशी सकाळी ती आणि मी निघालो होतो, रोजच्यासारख्या. गार वारा होता, तिनं शाल घेतली होती, शालीच्या वर अंबाडा आणि फुलं. रेणूचा केशरी बो पोचवायचा होता. हळदीकुंकवात त्याच्यावर शेवंती चुरगळली होती. अपर्णानं दार उघडलं, तारामतीनं कागदाची पुडी हातात दिली.

"आत न्हाई येत. पाय धुळीचे हैत. हे आज पेटीत नको घालू, वाऱ्यावर राहू दे."

"हो काकू."

"आन् पोरीला सांग, फुलं टाचताना सुई आरपार नेऊ नको म्हणावं."

"सांगते. चहा?"

"झाला."

कोपऱ्यावर अंबाजीकडं मोगरा नव्हता, माघात कुठला? काकड्याची पांढरी फुलं होती. तिनं दोन मूर मागितल्या, त्याच्या हाताकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "कोपरापास्नं माप, मनगटापास्नं नको." अंबाजी हसला आणि परत मापली. तिनं ओल्या पानात बांधलेली फुलं पिशवीत सगळ्यात वर ठेवली, दबू नयेत म्हणून, खाली मेथी होती. मग जिन्याशी येऊन मला म्हणाली, "चल, वन्सं वाट बघत असतील," आणि कठड्याला धरून वर गेली.